घरात उणं असताना ‘मला काही उणे पडणार नाही’ कसं म्हणायचं?

ताई, तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. शहादा तालुक्यात तुमची तीन एकर कोरडवाहू. मागच्या वर्षी कापसाला गुलाबी बोंडअळी लागली. यंदा वेचणीच्या तोंडावर परतीचा पाऊस झोडपून गेला आणि बोंडं झाडावरच काळी पडली. सोसायटीचं कर्ज थकलं. थोरल्या मुलाला सिकलसेल. घरधनी म्हणतात, दिवाळी झाली की बारडोलीकडे ऊसतोडीला जाऊ, मुकादम उचल द्यायला तयार आहे. तुम्ही रोज रात्री बायबलातलं २३ वं स्तोत्र म्हणता आणि पहिल्याच ओळीला तुमचा आवाज अडतो. त्यात बाहेरगावाहून आलेला एक प्रचारक सांगून गेला की घरात विश्वास कमी म्हणून पोरगा बरा होत नाही. गोळ्या सोडा, उपास धरा. तुम्ही विचारता, माझा विश्वास खरंच कमी आहे का? देव मेंढपाळ असेल तर हे सगळं का? आणि त्याच्या मागे चालायचं म्हणजे उद्या सकाळी उठून मी नेमकं काय करायचं?

धुळे-नंदुरबारच्या खेड्यांत पाळक म्हणून माझी हयात गेली. हे प्रश्न मी चुलीपुढे ऐकलेत, दवाखान्याच्या व्हरांड्यात ऐकलेत, मयतीच्या घरातही ऐकलेत. त्यामुळे तुम्ही विचारताना जी लाज वाटते असं लिहिलंत, ती आधी बाजूला ठेवा.

गोळ्यांचं सगळ्यात आधी बोलतो, कारण बाकीचं चार दिवस थांबेल, हे थांबणार नाही. गोळ्या बंद करू नका. सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून मुलाचे हातपाय, पाठ, पोट ठणकतं. पाणी कमी पडलं, थंडी बाजली, ताप आला, अंगमेहनत जास्त झाली की हा त्रास उसळतो. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया लिहून दिलं असेल तर ते ठरल्याप्रमाणे रोज गेलं तरच वेदनेचे झटके कमी होतात. मध्येच सोडलं तर फायदा निघून जातो. अधूनमधून रक्त तपासावं लागतं, तेही चुकवू नका. फॉलिक ॲसिड चालू ठेवा, पाणी भरपूर पाजा, आणि ताप आला तर घरी वाट बघत बसू नका. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजार धरलेला आहे. प्रमाणपत्रासाठी नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात विचारा.

आणि हा आजार येतो कुठून, तेही नीट समजून घ्या, कारण त्या प्रचारकाने तुमच्या काळजावर जो धोंडा ठेवला तो इथेच उतरतो. आई आणि बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक लेकराला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला स्वतःला बहुधा काही त्रास होत नाही, म्हणून लग्नाच्या वेळी कोणाला कळतही नाही. सातपुड्याच्या दोन्ही अंगांच्या आदिवासी वस्त्यांत हा गुण पिढ्यान्‌पिढ्या रक्तात आहे. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू केली, तीही आपल्यासारख्या भागांवर नजर ठेवूनच. यात तुमच्या पापाचा हिशेब नाही, तुमच्या सासूच्याही नाही, आणि तुमच्या प्रार्थनेची लांबी कोणी मोजत बसलेलं नाही.

हे मी डॉक्टरांच्या बाजूने बोलतोय असं समजू नका, पवित्र शास्त्रातूनच बोलतोय. योहानाच्या ९ व्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही नाकारतो. मग तो जमिनीवर थुंकतो, माती कालवतो, त्याच्या डोळ्यांना लावतो आणि सांगतो, शिलोह तळ्यावर जाऊन धू. जुन्या करारात हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. देवाने त्याची प्रार्थना ऐकली, पंधरा वर्षं वाढवून दिली, आणि तरीही यशया संदेष्ट्याने अंजिराचा लेप आणायला सांगून गळवावर बांधायला लावला. प्रार्थना ऐकलीच आहे तर लेप कशाला, असं यशया म्हणाला नाही.

आता यहेज्केलाचा ३४ वा अध्याय काढा आणि घरधन्यांना मोठ्याने वाचून दाखवा. तिथे देव वाईट मेंढपाळांवर संतापलेला आहे. त्यांच्यावरचा आरोप काय? तुम्ही चरबी खाल्ली, लोकर पांघरली, पण दुबळ्या मेंढराला बळ दिलं नाही, आजाऱ्याला बरं केलं नाही, मोडलेल्याला पट्टी बांधली नाही, हरवलेल्याला शोधलं नाही. आणि पुढे देव स्वतः म्हणतो की हे सगळं आता मी करीन, पट्टीसुद्धा मी बांधीन. पट्टी बांधणं, औषध देणं हे मेंढपाळाच्याच कामात मोडतं. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय उभं राहिलं ते याच समजुतीतून. तेव्हा सरकारी दवाखान्यातली नर्स तुमच्या मुलाच्या हातावर गोळी ठेवते, ती त्या मेंढपाळाच्या हाताबाहेरून आलेली आहे असं मानू नका. उलट जो माणूस आजारी लेकराचं औषध तोडायला लावतो आणि मग दुसऱ्या गावाला निघून जातो, त्याला येशूने योहान १० मध्ये मोलकरी म्हटलंय. लांडगा आला की मोलकरी पळतो, कारण मेंढरं त्याची नसतात. ओळखायला ही एक खूण पुरेशी आहे: मुलाला रात्री दोन वाजता झटका आला तर हा माणूस येणार आहे का?

कोणी म्हणेल, पाळकाने दुसऱ्या प्रचारकाविषयी असं बोलू नये. मी बोलणार. गोळ्या सोडलेली लेकरं मी पाहिली आहेत.

आता त्या ओळीकडे येऊ. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? पाटाच्या पाण्यावरचा घासाचा हिरवागार मळा, मेंढरं गुडघाभर चाऱ्यात, काही कमी नाही. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, भिंतीवरच्या कॅलेंडरातही तसंच चित्र असतं. हे स्तोत्र ज्याच्या नावावर आहे तो दावीद मात्र बेथलेहेमचा. त्या गावाच्या पूर्वेला यहूदीयाचं रान सुरू होतं. शेजारच्या यरुशलेमेत वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तिथून मृत समुद्राकडे २५ किलोमीटर उतरेपर्यंत तो १०० च्याही खाली जातो. बोडक्या टेकड्या, कोरडे नाले, हिवाळ्याच्या पावसानंतर थोडे दिवस टिकणारं गवत. साक्रीच्या पश्चिमेचा पाऊस आणि शिंदखेड्याकडचं कोरडं रान तुम्ही पाहिलं असेल, तर थोड्या अंतरात पाऊस किती बदलतो हे मी सांगायला नको. अशा मुलखात ‘हिरवं कुरण’ म्हणजे मेंढपाळाला माहीत असलेला एक उतार, जिथे आज चारा आहे. उद्या तो नसेल. उद्या दुसरीकडे जावं लागेल. मेंढरांना तो उतार ठाऊक नसतो, मेंढपाळाला असतो.

म्हणजे हे स्तोत्र भरल्या कणगीपुढे बसून लिहिलेलं नाही. हाच दावीद शौल राजापासून पळत नोब गावच्या याजकापुढे उभा राहिला आणि म्हणाला, तुमच्याकडे काय आहे? पाच भाकरी असतील तर द्या. पाच भाकरी मागणारा माणूस ‘मला काही उणे पडणार नाही’ म्हणतो, तेव्हा त्याच्या फडताळात काही नव्हतं हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे. आणि स्तोत्रातच पुढे बघा ना. मृत्युच्छायेची दरी तिथेच आहे, शत्रूही तिथेच आहेत. संकट कुठेही गाळलेलं नाही. दरीत न भिण्याचं कारणही तो लगेच सांगतो, ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस’. पहिल्या ओळीतल्या ‘उणे’चा अर्थ या ओळीला जोडून वाचा.

१९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडलेली जुनी विश्वासी मंडळी मी सेवेला आलो तेव्हा हयात होती. सुकडी आणि मिलो ज्वारी खाऊन त्यांनी ते दिवस काढले. दुपारच्या सुटीत झाडाखाली बसून हेच स्तोत्र म्हणायचो, असं ती सांगत. उणं नव्हतं असं त्यांच्यातलं कोणीही मला कधी म्हणालं नाही. एक म्हातारी म्हणायची, ‘उणं होतं बाबा, पण आम्ही टाकलेली नव्हतो.’ मला या ओळीचा अर्थ पुस्तकांपेक्षा तिच्याकडून जास्त समजला.

तुमचा कापूस गेला, हे उणंच आहे. त्याला दुसरं नाव देऊ नका. हबक्कूक संदेष्ट्याच्या शेवटच्या अध्यायात तर नापिकीची यादीच आहे: अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक हुकलं, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. यादी पुरी केल्यावरच तो ‘तरी’ म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आपण ‘तरी’ म्हणायची घाई करतो आणि यादी गिळून टाकतो. मग ती आतल्या आत सडते. हे सगळं का झालं, याचं कारण सगळं गमावलेल्या ईयोबालाही कोणी सांगितलं नाही. त्याला देव भेटला, कारण मिळालं नाही. त्याच्या तीन मित्रांनी मात्र कारणं पुष्कळ सांगितली, आणि देव चिडला तो त्या मित्रांवर.

मागे चालणं म्हणजे काय, या तुमच्या प्रश्नाला जरा वेळ देतो. साक्री तालुक्यात सेवेला होतो तेव्हा ठेलाऱ्यांचे, म्हणजे भटक्या मेंढपाळांचे, वाडे मी जवळून पाहिले. पाऊस सरला की ते बिऱ्हाड घोड्यावर लादून चाऱ्यापाण्याच्या मागावर निघतात, पिकं निघालेल्या शेतात मेंढरं बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. त्यांचं दैवत वेगळं, माझं वेगळं. पण मेंढरं राखणं मी त्यांच्याकडून शिकलो आणि त्यांचं ऋण मी मानतो. एक माणूस पुढे चालतो, तोंडाने ठरावीक आवाज करत. मागे दुसरा, काठी आणि कुत्रा घेऊन. मेंढरू मान खाली घालून चालतं. लांबचं बघायचा प्रयत्नही ते करत नाही. एका म्हाताऱ्या ठेलाऱ्याला मी विचारलं होतं, एवढ्या लांबचा मुलूख यांना कळतो कसा? तो म्हणाला, ‘मेंढी वाट नही दखस, मना आवाज आयकस.’

योहान १० मध्ये येशू हेच बोलतो: ‘माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात, मी त्यांना ओळखतो व ती माझ्यामागे येतात.’ आणि हा १० वा अध्याय ९ व्याला लागूनच येतो, हे विसरू नका. तो जन्मांध माणूस आठवा. येशूने त्याला तळ्याकडे पाठवलं तेव्हा त्याला दिसत नव्हतं. येशूचं तोंड त्याने पाहिलेलं नव्हतं, फक्त आवाज ऐकला होता, आणि डोळ्यांवर चिखल घेऊन तो चालत गेला. दृष्टी आली ती तळ्यावर, चालून झाल्यावर. मग परूशी म्हणवणाऱ्या यहूदी धर्मपुढाऱ्यांनी त्याला धारेवर धरलं, आईबाप घाबरून बाजूला झाले, शेवटी सभास्थानातून त्याला हाकलून दिलं. येशूला ते कळलं आणि तो त्याला शोधत आला. तेव्हा कुठे त्याने येशूला डोळ्यांनी पाहिलं. मेंढपाळाविषयीचं सगळं बोलणं या हाकललेल्या माणसाच्या प्रसंगानंतर लगेच येतं. म्हणून मी सांगतो, विश्वास ही छातीत आधी भरून यायची आणि मग पाऊल टाकायची गोष्ट नाही. त्या माणसाने चालताना मनात काय काय म्हटलं असेल ते लिहिलेलं नाही. तो गेला, एवढंच लिहिलंय. तुमच्या मनात शंका असताना तुम्ही रोज रात्री स्तोत्र उघडता, मुलाला गोळी देता, रविवारी उपासनेला येता. हे चालणंच आहे. तुमचा विश्वास कमी आहे का, या प्रश्नाचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

पण आवाज ओळखीचा व्हायचा तर तो रोज कानी पडावा लागतो. विकत आणलेली मेंढी नव्या कळपात आली की सुरुवातीला बावरते, नव्या माणसाच्या हाकेला येत नाही. दिवस जातात तशी येऊ लागते. तुम्ही संकटात फक्त २३ वं स्तोत्र धरून बसला आहात. त्याच्या जोडीला शुभवर्तमान वाचायला घ्या. योहानापासून सुरू करा, रोज अर्धा अध्याय पुरे. येशू कोणाशी कसा बोलतो, कोणावर रागावतो, कोणाला जवळ घेतो, हे ऐकत गेलात की मग बाहेरून आलेला माणूस ‘देव म्हणतो’ असं सांगू लागला तर तुमच्या कानालाच खटकेल. जो रोगी लेकराच्या आईला दोषी ठरवतो, तो त्या आवाजात बोलत नाही.

तरीही या आवाजावर भरवसा का ठेवावा? माझं उत्तर एकच आहे, आणि ते पीकपाण्यावर टेकलेलं नाही. या मेंढपाळाने मेंढरांकरता प्राण दिला. वधस्तंभावर तो आपल्या जागी गेला, आणि तिसऱ्या दिवशी उठला म्हणून आजही हाक मारतो. प्रकटीकरणाच्या ७ व्या अध्यायात तर मधोमध उभा असलेला कोकराच मेंढपाळ होतो आणि देव डोळ्यांतलं पाणी पुसतो. ज्याने स्वतः दरी ओलांडली त्याच्या मागे दरीत उतरायला मी तयार आहे. तुमच्या कापसाचं, तुमच्या मुलाच्या दुखण्याचं त्याला काही नाही असं मी मानू शकत नाही.

आता बारडोलीचं. हा निर्णय मी तुमच्यासाठी घेणार नाही, आणि कोणी ‘मला देवाने सांगितलं’ म्हणून घेऊ पाहील तर त्यालाही घेऊ देऊ नका. मेंढपाळ आहे म्हणून डोकं बाजूला ठेवायचं नसतं. तुमच्यापुढचं सांगतो. ऊसतोडीला कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी धरतात, म्हणजे तुम्हीही फडात. मग मुलगा पालाच्या झोपडीत, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, पाण्याची सोय नसताना, ओळखीचा दवाखाना नसताना. सिकलसेलच्या लेकराला हेच बाधतं, वर सांगितलंच. शाळा बुडेल ती वेगळी. एकदा उचल अंगावर घेतली की मध्येच परत येणं मुकादमाच्या हातात जातं. दुसऱ्या बाजूला कर्ज आहे, घरात दाणा पाहिजे, हेही खरं. तेव्हा घरधन्यांनी भावाबरोबर किंवा गावातल्या दुसऱ्या माणसाबरोबर जोडी धरता येते का, हे आधी विचारा. तुम्ही आणि मुलं मागे राहायची, तर गावात रोजगार हमीच्या कामाची मागणी लेखी अर्जाने करा आणि पोच घ्या. नुकसानीचा पंचनामा तलाठ्याकडे नोंदला गेला का ते बघा. सोसायटीच्या सचिवाला भेटून कर्जाचं पुनर्गठन होईल का ते विचारायला घरधन्यांना एकटं पाठवू नका, मंडळीतला एखादा वडील सोबत द्या; माणूस एकटा गेला की अर्ध्या बोलण्यातच परत येतो. उचल घ्यायचीच ठरली तर किती, कशी फिटणार, हे साक्षीदारापुढे कागदावर येऊ द्या.

देवाचा आवाज या सगळ्यात कुठे? यातच. दोघं मिळून प्रार्थना करा, आणि ज्या वाटेने गेल्यावर दुबळ्या मेंढराला सगळ्यात कमी झळ लागेल ती वाट शोधा. याकोब एसावाला भेटल्यावर म्हणाला होता, मुलं सुकुमार आहेत, दुभत्या मेंढरांना एक दिवस जास्त हाकललं तर सगळा कळप मरेल, मी त्यांच्या चालीने हळूहळू येतो. तुमच्या घरात चाल ठरवायची ती थोरल्याच्या चालीने.

आणि हे एकट्याने करू नका. कळप सोडून चालणारं मेंढरू मी कधी पाहिलं नाही. चुकलेलं पाहिलं आहे. तुम्ही लिहिलंत की कर्जाची लाज वाटते म्हणून बायकांच्या प्रार्थना सभेला जाणं सोडलं. त्या बायकांपैकी किती जणींच्या घरी तेच कर्ज आहे, हे तुम्ही गेल्याशिवाय कळणार कसं? आमच्या मंडळीत स्वयंपाकाच्या वेळी मूठभर दाणे बाजूला काढून महिन्याला गोळा करायची रीत आहे, ती अडलेल्या घरासाठीच. घेण्यात कमीपणा नाही. तुमच्या शेतात पीक होतं तेव्हा तुम्हीही हंगामाच्या सणाला टोपली आणलीच असेल.

राहिली रात्रीची प्रार्थना. संध्याकाळी ठेलाऱ्याचा कळप चरून वाड्यावर येतो, तेव्हा डालग्याखालची कोकरं सोडतात. एकच गलका होतो, आणि त्या गलक्यात प्रत्येक मेंढीला आपल्या कोकराचं ओरडणं बरोबर कळतं. कोकरू काही नीट बोलत नाही, फक्त ओरडतं. १३ वं स्तोत्र असंच सुरू होतं, हे परमेश्वरा, किती वेळ? मला कायमचा विसरणार का? ८८ वं तर अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, देवाने ते गाळलं नाही. तेव्हा उद्यापासून असं करा. पहिली ओळ म्हणा. आवाज अडला की तिथेच थांबा. काय काय उणं आहे ते एकेक मोठ्याने सांगा: सोसायटीचा आकडा, रेशनचं धान्य किती दिवसांचं उरलं, मुलाच्या गुडघ्याची सूज, प्रचारकाचं बोलणं, घरधन्यांचं न बोलणं. काही झाकू नका. मग पुढची ओळ घ्या. एखाद्या रात्री पुढची ओळ आली नाही तर नाही आली; दिवा मालवा आणि झोपा, दुसऱ्या दिवशी तिथून पुढे म्हणा. शेजारी मंडळीतलं कोणी असेल तर तुमच्या वाटची ओळ तिला म्हणू द्या.

या रविवारी उपासनेनंतर घरधन्यांना घेऊन मला भेटा. मुलाचे दवाखान्याचे कागद आणि सोसायटीचं पासबुक बरोबर आणा. मुकादमाला तोवर होकार देऊ नका.